मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा पुन्हा द्यायची आहे, फिजिक्सचं काय करू? मदत हवी आहे

७२० पैकी ४५० आले. बायोलॉजीत २८७, केमिस्ट्रीत ९६ आणि फिजिक्समध्ये फक्त ६७! उत्तरतालिका घेऊन बसले तेव्हा कळलं, फिजिक्सचे ४५ पैकी ३८ प्रश्न सोडवले होते, त्यातले २१ बरोबर, १७ चूक. म्हणजे ८४ मिळवले आणि उणे गुणांत १७ घालवले. त्यातले सहा तर मला येत होते, सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले किंवा दहाचा घात चुकला. रडूच आलं.

पुन्हा परीक्षा द्यायची हे नक्की. बाबा म्हणतात, बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेव, सोबत अभ्यास कर. मला वाटतं दोन्हीकडे पाय ठेवला तर एकही धड होणार नाही. (आईने मत राखून ठेवलंय, तेच जास्त जड जातंय.)

ज्यांनी ड्रॉप घेऊन (म्हणजे कुठेही प्रवेश न घेता वर्षभर फक्त तयारी करून) फिजिक्स सुधारलं त्यांनी सांगा: आधी सगळं मेकॅनिक्स पक्कं केलंत, की पहिल्या महिन्यापासूनच घड्याळ लावून पेपर सोडवलेत? आणि खात्री नसलेला प्रश्न सोडून द्यायची सवय कशी लावलीत? माझा हात थांबतच नाही. क्लास पुन्हा लावायची इच्छा नाही, तेवढं सोडून काहीही सुचवा.