लेंटमध्ये नेम कोणता धरावा?

विषय: लेंटचा नेम

नमस्कार मंडळी,

या ईमेल यादीवर हा विषय कधी निघालेला मला आठवत नाही. पण आपल्या मंडळात दोन-चार ख्रिस्ती घरं आहेत आणि न्यू जर्सीत मराठीत विचारायला दुसरी जागा नाही. येत्या बुधवारी, १८ फेब्रुवारीला, राखेचा बुधवार, म्हणजे लेंट, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, सुरू. दरवर्षी मी चॉकलेट सोडते आणि ईस्टरला वजन किती उतरलं ते बघते. यंदा जरा मनावर घेतलंय: कॉफी बंद, मांसाहार बंद, इन्स्टाग्राम बंद, रोज रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, शिवाय अख्खं बायबल. नवरा म्हणतो, पहिल्या शुक्रवारपर्यंत टिकलीस तरी पुष्कळ.

काकू, तुम्ही ठाण्याला परत गेलात. तिकडे लोक काय करतात?

पुन्हा: लेंटचा नेम

आमची आजी चातुर्मासात वांगं सोडायची. वांगं तिला मुळात आवडायचंच नाही. काल शिवरात्रीला मीही साबुदाणे वडे हाणून उपास केला, तेव्हा चॉकलेटवाल्यांनी लाजू नये. एक शंका मात्र खरीच आहे. हे चाळीस दिवस ना? १८ फेब्रुवारीपासून ५ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत मोजले तर ४६ भरतात. सहा दिवस जातात कुठे?

पुन्हा: पुन्हा: लेंटचा नेम

दादा, मधले सहा रविवार वगळायचे. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नसतो.

आणि बाळा, तुझा बेत वाचून मलाच धाप लागली. आपलं कॅथलिक चर्च मागतं ते फार थोडं आहे. उपासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ ते ५९ वयाच्यांना: एक वेळ पोटभर, दोन वेळा थोडंसं. त्या दोन दिवशी आणि लेंटच्या सगळ्या शुक्रवारी मांस वर्ज्य, वय १४ च्या पुढे. बाकीचं ज्याचं त्याने ठरवायचं, आणि पंचाईत तिथेच होते.

मासे नियमात चालतात. त्यामुळे शुक्रवारी सकाळी ठाण्याच्या मासळी बाजारात आमची मंडळी हमखास भेटतात. दुपारी पापलेटचं कालवण, बाजूला तळलेली कोलंबी, आणि वर म्हणायचं, आज आमचं मटण बंद. नियम मोडला म्हणायची सोय नाही, पण जिभेने काय सोडलं?

राखेच्या बुधवारी मत्तयचा सहावा अध्याय वाचतात. दान, प्रार्थना, उपास, तिन्हींना अट एकच: लोकांना दाखवायला करू नका. आणि हे ऐकून जांभळी नाक्याच्या सेंट जॉन चर्चमधून बाहेर पडलेली माणसं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तशीच लोकल पकडतात. मला दरवर्षी याची गंमत वाटते.

माझं म्हणशील तर तीन गोष्टींसाठी तीन नेम धरू नकोस, एकातच तिन्ही बसव. काय सोडू हा प्रश्न नंतरचा. जे सुटेल, पैसा म्हण, वेळ म्हण, ते कुणाच्या हातात पडणार हे आधी ठरव. चॉकलेटचे पैसे तुझ्याच खात्यात राहिले आणि वजन उतरलं, तर ते डाएट झालं. यशयाच्या ५८व्या अध्यायात देव लोकांच्या उपासावर चिडलाय तो यासाठीच: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, म्हणतो.

आमच्या इमारतीतली एक मुलगी लेंटभर स्टेशनवरून घरी चालत येते. गोखले रोडची संध्याकाळची गर्दी तू पाहिलीयस. फेरीवाले आणि स्कूटर चुकवत चालते, ओढणीखाली हातात जपमाळ, घर येईपर्यंत रोझरीची पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाचही भाग, होतात. रिक्षाचे पैसे फ्रिजवरच्या बोर्नव्हिटाच्या डब्यात. ईस्टरआधी ते पैसे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या मुलीच्या शाळेच्या खर्चाला जातात. मावशींना लेंट-बिंट काही ठाऊक नाही. मलाही त्या चालत येणाऱ्या मुलीच्या आईकडून कळलं.

तुमच्याकडे पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये, राइस बोलचा पुठ्ठ्याचा दानाचा डबा वाटतात, तो घे. घरात मांसाहार बंद करू नकोस. तुझ्या नेमापायी सासूबाईंनी वरणभात का खावा? अख्ख्या बायबलाचं तर नावच काढू नकोस. रोजच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, वाचन पुरे. मराठीच हवं असेल तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, बायबलची कथा सांगणारं ओवीबद्ध काव्य, काढ. १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेलं, पण ओवी आपलीच. त्यातल्याच दुसऱ्या पुराणातला, म्हणजे दुसऱ्या भागातला, येशूच्या दुःखसहनाचा प्रसंग घे, रोज थोड्या ओव्या, मोठ्याने. मुलांना अर्थ नाही लागला तरी चाल कानात बसते.

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: लेंटचा नेम

काकू, बाकी सगळं खोडलं. ऑफिसला जाताना घेते ती बाहेरची कॉफी बंद. पैसे डब्यात, आणि त्या रांगेत जाणारा वेळ गाडीतच बसून ओव्यांना. ३ मार्चला मंडळाच्या होळीला येतेय, पुरणपोळी सोडलेली नाही. फक्त एक सांगा, नवऱ्याला कळू द्यायचं का? लोकांना दाखवायचं नाही म्हणता ना.

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: लेंटचा नेम

त्याला सांग गं. कॉफीवाचून तू सकाळी कुणावर खेकसणार आहेस? या यादीवर मात्र आता ईस्टरपर्यंत नको.