उत्तर: एमजीबीची सीट आणि स्टिअरिंग एका रेषेत नाही

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये नवी सीट बसवल्यावर स्टिअरिंग एका बाजूला वाटतं म्हणून कॉलम (स्टिअरिंगचा दांडा ज्यात असतो ती नळी) ओढून घ्यायचा का, असं एकानं विचारलंय. कृपा करून कॉलमला हात लावू नका! आधी सीट काढून रनरखालच्या (सीट ज्यावर सरकते त्या पट्टीखालच्या) लाकडी पट्ट्या आणि स्पेसर (उंची भरून काढणारे तुकडे) पाहा. त्यातलं एखादं बसवायचं राहिलं की सीट कलते आणि दोष स्टिअरिंगचा वाटतो.

कॉलम आधीच ओढलेला असेल, तर पुढची चाकं उचलून स्टिअरिंग सावकाश फिरवा. एका फेरीत दोनदा जड लागलं, तर युनिव्हर्सल जॉइंट (दोन दांडे कोनात जोडणारा सांधा) अडकतोय. डॅशखालचे ब्रॅकेटचे तिन्ही बोल्ट सैल करा, कॉलम आपोआप बसू द्या, उरलेल्या फटीत वॉशर भरा आणि मगच आवळा. फट तशीच ठेवून बोल्ट आवळले, तर पिनियनवर (दांड्याच्या खालच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकावर) कायमचा ताण येतो.