प्रतिसाद: सगळा दोष स्वभावाचा नाही
कामावर वाईट वागणाऱ्या जॉबरबद्दल (मागांवर देखरेख करणारा) तुम्ही वर लिहिलंय, 'माणूसच वाईट, काढून टाका'. हे मत पटलं नाही. रॉबिन्सन आणि बेनेट या संशोधकांनी १९९५ मध्ये कामाच्या ठिकाणच्या अशा वागण्याचे दोन प्रकार वेगळे केले: संस्थेचं नुकसान आणि सहकाऱ्यांना त्रास. पहिल्याचा संबंध कर्तव्यदक्षतेच्या अभावाशी अधिक, दुसऱ्याचा मनमिळाऊपणाच्या अभावाशी. आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांत दोन्ही दिसतात. कुणी सूत वाया घालवतो, कुणी नव्या पोराला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलतो. मला हा दुसरा जास्त घातक वाटतो. वाया गेलेलं सूत निदान वजन करून कळतं. पण सगळं स्वभावावर ढकलता येत नाही: मजुरी थकली की एरवी सरळ असलेला कामगारही मुद्दाम माग बंद ठेवतो. तुम्ही लिहिलेल्या त्या जॉबरला पगार वेळेवर मिळतो का?