ऊर्जा संक्रमण की ऊर्जापालट?

काणकोणची
फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या गोव्यात बेतुलला इंडिया एनर्जी वीक हा ऊर्जाक्षेत्राचा मेळावा भरला, त्या वेळी एका पत्रकाचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला होता. 'एनर्जी ट्रान्झिशन'ला, म्हणजे कोळसा-तेलाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याला, मी सरळ 'ऊर्जा संक्रमण' लिहिलं. छापील प्रत घरी आली, तर सासरे विचारतात, "कसली साथ आलीय?" कोविडनंतर या शब्दाला आजारच चिकटलाय. आता तसाच मजकूर परत आलाय: विकसनशील देशांची वाढती गरज आणि देशादेशांतलं ऊर्जासहकार्य. काय लिहू?

पेडण्याचा मास्तर
संक्रमण अजिबात सोडू नका, ताई. सम् अधिक क्रम्, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. सूर्य मकरेत गेला की संक्रांत. आजारासाठी मराठीत संसर्ग आहे, लागण आहे. त्या अर्थाचं संक्रमण हिंदी बातम्यांतून आलं. दुसऱ्यांच्या वापरापायी आपला शब्द का टाकायचा? 'संक्रमणकाळ' मी तीस वर्षं वर्गात शिकवला, कुणीही अडलं नाही.

कुळागर
मास्तर, वर्गात अडत नाहीत, पत्रक वाचताना अडतात. 'ऊर्जापालट' म्हणा. पीकपालट, खांदेपालट आपण रोज बोलतो. सरद, म्हणजे पावसाळी भात कापलं की आम्ही त्याच शेतात अळसांदे, आपली गोव्याची चवळी, घालतो. पालट म्हणजे काय, हे माझ्या आईलाही सांगावं लागत नाही.

वायुवाहिनी
शब्द गोड आहे, पण खोटा पडतो. पीकपालटात आधीचं पीक कापून झालेलं असतं. इथं ते उभंच आहे. ताई म्हणतात त्याच बेतुलला, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पेट्रोनेट या वायू आयात करणाऱ्या भारतीय कंपनीने कतारच्या सरकारी कतारएनर्जीबरोबरचा करार वाढवला. वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायू, २०२८ पासून वीस वर्षं, म्हणजे २०४८ पर्यंत. दुसरीकडे देशाचं २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर, वीजक्षमतेचं आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य. २०२४ मध्ये देशातल्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वरच होता. मागणीच वाढतेय, म्हणून नव्याची भर पडते आणि जुनंही चालू राहतं. संक्रमण काय, पालट काय, दोन्ही शब्द ही भर झाकून टाकतात. मला याचा खरंच त्रास होतो.

काणकोणची
मूळ मजकुराचं म्हणणंही नेमकं तेच आहे! आधी पुरेशी ऊर्जा, आणि ती मिळवतानाच बदल. मग ही 'भर' एका शब्दात कशी बसवू?

डिचोलीहून
जुलै २०२३ मध्ये जी-२०च्या ऊर्जामंत्र्यांची बैठक गोव्यातच झाली. तिच्या इंग्रजी नावात 'ट्रान्झिशन्स' असं अनेकवचन होतं, कारण प्रत्येक देशाची वाट वेगळी. 'संक्रमणे' कानाला बरं लागत नाही, 'पालट' दोन्ही वचनांत सारखाच. माझं मत कुळागरांना. आणि ताई, शीर्षकात 'ऊर्जा सहकार' मात्र नको. सहकार म्हटलं की आपल्याला पतसंस्था नाहीतर दूध सोसायटी आठवते. 'सहकार्य'च ठेवा.

कुळागर
मग 'अलायन्स'चं काय? सौरऊर्जेसाठी देशादेशांची एक अलायन्स आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जैवइंधनाचीही झाली. आघाडी लिहा की युती, दोन्हींना निवडणुकीचा वास.

पेडण्याचा मास्तर
मंडळ म्हणा, संघ म्हणा. पण त्याआधी 'उर्जा' असं ऱ्हस्व लिहिणं थांबवा, सरकारी फलकांवरही दिसतं. ऊर्ज् म्हणजे बळ, पोषण. कार्तिकाचं वैदिक नाव ऊर्ज. आपली ऊर्जितावस्था तिथूनच. नव्या भाताचं पोषण अंगी लागण्याचा महिना, म्हणून ते नाव पडलं असावं असं मला वाटतं.

वायुवाहिनी
मास्तर, हे सुंदर आहे. पण घरात कोण ऊर्जा म्हणतं? माझं आजोळ बेतुलचं. आजीला वीज म्हणजे पावसातली, आभाळातून पडते ती. घरातला तो करंट. वीज जाऊन अंधार झाला की तिचं एकच कोंकणी वाक्य, "करंट गेलो."

डिचोलीहून
आमच्याकडे 'लायट'.

काणकोणची
उद्या दुपारपर्यंत मजकूर द्यायचाय. तूर्त 'ऊर्जा संक्रमण' ठेवते आणि पहिल्याच वाक्यात 'जुन्यात नव्याची भर घालत होणारा बदल' अशी फोड करते.

कुळागर
फोड करावी लागते तिथेच शब्द हरला, ताई. छापण्याआधी एकदा सासऱ्यांना वाचून दाखवा.

पेडण्याचा मास्तर
हरला नाही, रुजायला वेळ लागतो. वायुवाहिनी, तुमच्या आजी करंट पुल्लिंगीच म्हणायच्या ना? आमच्या पेडण्यात काही घरांत 'करंट गेली' ऐकलंय. लायट स्त्रीलिंगी, तिच्यामुळे तर नसेल?