बँड संपला? अर्धंच खरं
'डॉल्बी आली आणि बँड संपला' असं लोक म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या खानापूरकडं वरातीतला बँड आटलाय खरा. पण त्याचं कारण आवडीपेक्षा पैशाचं आहे. बँडला पंधरा-वीस माणसं, त्यांचं जेवणखाण, गणवेश. डॉल्बीला एक टेम्पो अन् एक ऑपरेटर! उलट बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचा बँड वाजू दे, बघा. गेल्या खेपेला शेजारचा भाजीवाला तराजूत वांगी तशीच ठेवून पुढं आला. दोन धुनांच्या मधे ट्रंपेटवाला वाकून नळीतलं पाणी झटकत होता, तेही पोरं डोळे फाडून बघत होती. नाचायला डॉल्बीच लागते म्हणा, माझा पुतण्याही त्यातलाच.