गुगल स्कॉलरवर दुसऱ्याच पाटलांचे पेपर माझ्या नावावर, फॉर्मात एच-इंडेक्स कोणता लिहू?

तापीकाठची_सिस्टर
राम राम मंडळी. मी एमएस्सी नर्सिंग, जळगावला कॉलेजात शिकवते. पीएचडीचा फॉर्म भरतेय, त्यात पब्लिकेशन, सायटेशन (म्हणजे दुसऱ्या पेपरांत आपल्या पेपरचा संदर्भ किती वेळा आला), एच-इंडेक्स असे रकाने आहेत. गुगल स्कॉलर उघडलं तर माझ्या प्रोफाइलमधे केळीच्या करप्यावरचे आणि सोलर पंपाचे पेपर! आपल्याकडे एस. पाटील म्हणजे दगड भिरकावला तर पाटलालाच लागणार, तसं झालंय. ते सगळं धरून एच-इंडेक्स ११ दाखवतो. माझे खरे पेपर सातच, त्यातले दोन माहेरच्या आडनावाने, ते भलतीकडेच पडलेत. सायटेशन ३०, ९, ४, ३, १ आणि दोन कोरे. ३० वाला धडगाव-अक्कलकुवा भागातल्या सिकलसेलच्या पोरांच्या आयांवर आहे. आणि एक सर म्हणताय पुढच्या पेपरात माझं नाव टाका म्हणजे कोलॅबोरेशन दिसेल. काय करू?

धुळ्याचा_भो
११ च लिहा ना ताई, कोण बघतंय 😄

भरीत_भाकरी
भो, बघतात रे, मी लायब्ररीत आहे, इंटरव्ह्यूला समोरच प्रोफाइल उघडतात आणि सिस्टरला केळीच्या करप्यावर प्रश्न विचारला तर काय सांगणार त्या?

ताई तुमचा एच-इंडेक्स ३. जितक्या पेपरांना किमान तितकी सायटेशन, तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. पेपर सायटेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचे, तिसऱ्याला ४ आहेत म्हणजे तीन पेपरला किमान तीन-तीन झाले, चौथ्याला ४ पाहिजे होते पण ३ च आहेत, तिथे थांबलं. २००५ मधे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढलेली युक्ती आहे ही. म्हणून ३० वाल्याचे उद्या ३०० झाले तरी तुमचा इंडेक्स ३ च राहील, आणि त्या चौथ्या पेपरला अजून एकच सायटेशन मिळालं की ४. गंमतच आहे सगळी. आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर, तो तुमचा १.

आता साफसफाई. स्कॉलरवर लॉगिन करून परक्या पेपरांवर टिक मारा, डिलीट करा. माहेरच्या नावाचे दोन शोधून हाताने ॲड करा. मग सेटिंगमधे आपोआप भर घालणं बंद करून आधी ईमेलने विचारा असं ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत कोणाचा तरी सोलर पंप येईल. ऑर्किड आयडी काढा, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख नंबर, फुकट आहे, १६ आकडी नंबर मिळतो आणि त्यात लग्नाआधीचं नावही लिहिता येतं. आपल्याकडच्या बायकांना तर तो पहिल्या पेपरच्या आधीच काढून द्यायला पाहिजे. फॉर्ममधे आकडा कुठल्या तारखेचा आणि कुठून घेतला ते लिहा, कारण स्कोपसचा (तोही पेपर-सायटेशन मोजणारा डेटाबेस) आकडा स्कॉलरपेक्षा बहुतेक कमीच येतो, स्कॉलर थीसिस वगैरे पण मोजतं.

अमळनेरकर_मास्तर
भाकरीताईंनी बरोबर सांगितलं. माझं म्हणणं ३ ची लाज वाटून घेऊ नका. नर्सिंगची तुलना कॅन्सर-हार्टवाल्यांशी करायचीच नाही. ३० सायटेशन कोणी दिले ते उघडून बघा. त्यातले किती तुमचे स्वतःचेच, किती परक्यांचे, कोणी सिकलसेलच्या कामात खरंच वापरलंय का. इंटरव्ह्यूत हे सांगता आलं तर आकड्यापेक्षा भारी पडतं.

कोलॅबोरेशनचं म्हणाल तर लिंडा एकेन यांचं काम वाचा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या नर्सिंगच्या. २००२ च्या जामा या मेडिकल जर्नलमधल्या पेपरात त्यांच्या टीमला दिसलं की एका नर्सकडे एक सर्जरीचा पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. पुढे बेल्जियमच्या सेरमेउस वगैरे मंडळींबरोबर युरोपातल्या नऊ देशांतली ३०० हॉस्पिटलं घेतली, ते २०१४ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे आलं. तिथे सोबत्यांनी आपापल्या देशातला डेटा आणला होता. तुमच्या सरांनी काय आणलं?

तापीकाठची_सिस्टर
मास्तर 🙏 सरांनी तर चहासुद्धा नाही आणला. पण ते इथे ज्येष्ठ आहेत, सरळ नाही म्हणता येत नाही. आणि व्हॉट्सॲपवर ते "आठ दिवसांत स्कोपस पेपर" वाले आहेत ना, मैत्रीण म्हणते पैसे भर आणि मोकळी हो.

भरीत_भाकरी
त्या आठ दिवसवाल्यांना ब्लॉकच करा. इतक्यात रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी, होतच नाही, आणि स्कोपस अशी जर्नलं काढूनही टाकतं, मग पैसे गेले आणि पेपरही कोणी धरत नाही. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ ला बंद झाली, तिचा शिक्का दाखवून कोणी गळ घालत असेल तर त्यालाही भुलू नका. जर्नल पबमेडवर किंवा सिनाहलवर (मेडिकल आणि नर्सिंगच्या पेपरांचे डेटाबेस) आहे का ते तुम्हीच शोधून बघा, जर्नलच्या साइटवर लिहिलंय म्हणून नको.

सरांना म्हणा जर्नल प्रत्येक लेखकाचं काम लिहून मागतं, तुमच्यासमोर काय लिहू? डिझाइन, डेटा, लिखाण यातलं काही करायला तयार झाले तर उत्तमच, मसुदा वाचायला द्या. नाहीतर आभारात नाव घाला, जाड अक्षरात 😄

धुळ्याचा_भो
बठ्ठं बरोबर शे. ताई, ते करप्यावाले पाटील माझ्या ओळखीचे निघायचे, डिलीट करायच्या आधी लिंक द्या.