एक्स्प्रेशनचं फंक्शन करताना आर्ग्युमेंटचा क्रम कोणी ठरवायचा?

चलबिंदू:
माझं मत आधीच सांगतो. सिम्बॉलिक एक्स्प्रेशनचं (आकड्यांऐवजी चिन्हांत लिहिलेल्या सूत्राचं) फंक्शन बनवताना आर्ग्युमेंटचा, म्हणजे फंक्शनला द्यायच्या किमतींचा, क्रम माणसानेच लिहून द्यायला हवा, लायब्ररीने तो परस्पर ठरवू नये.

या मतापर्यंत येण्यात माझे दोन दिवस गेलेत. सूत्र अगदी साधं होतं, स्प्रिंगमधली ऊर्जा: अर्धा गुणिले के गुणिले एक्सचा वर्ग; के म्हणजे स्प्रिंगची ताठरता, एक्स म्हणजे ती किती ताणली. सिम्पाय ही पायथनची चिन्हांत गणित करणारी लायब्ररी; तिच्यातल्या, एक्स्प्रेशनचं फंक्शन करणाऱ्या लॅम्ब्डिफायला मी फ्री सिम्बॉल्सचीच, म्हणजे एक्स्प्रेशनमध्ये सापडलेल्या चिन्हांचीच, लिस्ट करून दिली. पण फ्री सिम्बॉल्स हा पायथनचा सेट, त्याला क्रम नसतो. त्यात पायथन 3.3 पासून स्ट्रिंगचा (मजकुराचा) हॅश, म्हणजे सेटमधली जागा ज्यावरून ठरते तो आकडा, प्रोग्रॅम चालू केला की दर वेळी नव्याने ठरतो. त्यामुळे एकदा के आधी यायचा, पुढच्या वेळी एक्स. के 200 आणि एक्स 0.1 असेल तर उत्तर 1 ज्यूल. जागा बदलल्या की 2000. ना एरर, ना वॉर्निंग. टेस्ट लिहिली होती, पण तिच्यात दोन्ही किमती 1 होत्या. मग ती काय पकडणार?

वर्णमाला:
असहमत. सेटचा दोष तुम्ही आपोआप ठरणाऱ्या क्रमाच्या माथी मारताय. आर्ग्युमेंट म्हणून थेट सेट देणं सिम्पायने 1.6.3 मध्येच कालबाह्य ठरवलं, आणि ते योग्यच झालं. पण म्हणून सगळं हाताने लिहायचं? मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधलं, हेच काम करणारं मॅटलॅबफंक्शन बघा. काही सांगितलं नाही तर एक्स्प्रेशनमधली नावं वर्णक्रमाने घेतं, वेगळा क्रम हवा असेल तर व्हार्स या पर्यायात द्या. मी रोबोटच्या हाताची समीकरणं करतो, एकेकात तीस-चाळीस व्हेरिएबल असतात. एवढी यादी हाताने लिहिली की कुठेतरी दोन नावं उलटसुलट होतातच. नियमाने लागलेला क्रम निदान रोज तोच असतो.

चलबिंदू:
रोज तोच असतो, पण नावं तीच असेपर्यंत! माझ्याच सूत्रात वर्णक्रमाने आधी के, मग एक्स. उद्या कोणी एक्सचं नाव बदलून डी केलं की क्रम डी, के. गणित तसूभर बदललं नाही, पण फंक्शन उलटं झालं, आणि ते जिथे जिथे बोलावलंय तिथली एक ओळही बदललेली दिसणार नाही.

तुमच्या तीस व्हेरिएबलचंही तेच. नावं निव्वळ स्ट्रिंग म्हणून लावली की एक्स10 हा एक्स2 च्या आधी येतो. नऊपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि दहाव्याला घोळ होतो.

आणखी एक. या ऊर्जेचं एक्सच्या संदर्भात दोनदा डेरिव्हेटिव्ह घ्या, हातात नुसता के उरतो. एक्स्प्रेशनमधून काढलेल्या यादीने फंक्शन केलं तर ते एकाच आर्ग्युमेंटचं होणार. मला ऊर्जा, बल आणि ताठरता तिन्ही एकाच पद्धतीने बोलवायची असतात. लॅम्ब्डिफायला के, एक्स अशी यादी दिली की एक्स्प्रेशनमध्ये एक्स नसला तरी फंक्शन दोन आर्ग्युमेंटचंच राहतं.

नावानिशी:
क्रमावर एवढं कशाला अडायचं? नावाने पाठवा. के बरोबर 200, एक्स बरोबर 0.1. वाद मिटला.

वर्णमाला:
इथे मात्र मी चलबिंदूंच्या बाजूने. फंक्शन तुम्ही स्वतः बोलावता तोवर नावं ठीक. सॉल्व्हरला, म्हणजे समीकरण सोडवणाऱ्या तयार कोडला, दिलं की तो जागेनुसारच किमती भरतो. पायथनच्या सायपाय या वैज्ञानिक लायब्ररीमध्येच बघा: डिफरन्शियल समीकरणं सोडवणाऱ्या ओडीइंटला मुळात वाय आधी आणि टी (वेळ) नंतर हवा असतो, तर त्याच कामाच्या सॉल्व्ह आयव्हीपीला टी आधी. दुहेरी इंटिग्रल काढणाऱ्या डीबीएलक्वाडला तर फंक्शन वाय, एक्स असं लागतं; पहिल्यांदा वापरताना हमखास फसायला होतं. शिवाय सिम्बॉलचं नाव लॅम्ब्डा ठेवलं, तरंगलांबीसाठी ठेवतातच, तर तो पायथनचा राखीव शब्द. लॅम्ब्डिफाय त्याजागी डमी, म्हणजे स्वतः बनवलेलं तात्पुरतं, नाव घालतं, मग नावाने हाक मारणार कशी?

नावानिशी:
लॅम्ब्डाचं माहीत नव्हतं. तरी बाकीच्या कोडमध्ये मी नावंच वापरणार, वाचताना चूक लगेच दिसते.

वर्णमाला:
चलबिंदू, नाव बदलल्यावर क्रम उलटतो हा मुद्दा मान्य. पण नोटबुकमध्ये (कोड तुकड्यातुकड्याने चालवून बघायच्या पानावर) चाचपडताना, दर दोन मिनिटांनी एक्स्प्रेशन बदलत असताना, यादी लिहायला लावणं मला जाचकच वाटतं. तिथे वर्णक्रम राहू द्या.

चलबिंदू:
नोटबुकमधलं कोडच पुढे उचलून प्रोजेक्टमध्ये टाकलं जातं, माझंही तसंच झालं. एक्स्प्रेशन जिथे लिहिलं तिथेच, त्याच ओळीखाली, के आणि एक्सचा टपल (ठरलेल्या क्रमाची, न बदलणारी यादी) ठेवा आणि ऊर्जा, बल, ताठरता तिन्हींना तोच द्या. तीस व्हेरिएबल असतील तर यादी लूपने तयार करा, पण सिम्बॉल बनवतानाच, एक्स्प्रेशनमधून उकरून नव्हे. आणि टेस्टमध्ये प्रत्येक किंमत वेगळी ठेवा: 2, 3, 5, 7.